साधा अँड्रॉइड की कंपनीने सजवलेला?

इंदूरच्या जेल रोडवर स्वस्तातला फोन घ्यायला गेलात तर दुकानदार कॅमेरा आणि रॅम दाखवतो. आत आधीच काय भरलंय ते कोणी दाखवत नाही. आईच्या फोनमध्ये गेम होते, खरेदीची ॲप होती, कर्ज देणारं एक ॲपही होतं, आणि लॉक स्क्रीनवर रोज नवी जाहिरात. तिला वाटायचं, आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. याचा मला खरंच राग येतो. पैसे मोजून घेतलेल्या फोनवर जाहिराती कशाला?

अमेरिकेत अशी भर मोबाइल नेटवर्क कंपन्याही घालतात, कारण तिथे फोन बऱ्याचदा त्यांच्याकडूनच हप्त्यावर घेतात. आपल्याकडे हे काम मुख्यतः फोन बनवणारेच करतात.

गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनवर साधा, म्हणजे दुसऱ्या कंपनीने भर न घातलेला अँड्रॉइड असतो. तिथे हा पसारा नाही, आणि पिक्सेल ८ पासून ७ वर्षं अपडेटचं आश्वासन आहे. पण गूगलची स्वतःची ॲप तिथेही ठाण मांडून असतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, त्यामागे ही ॲपची सक्तीही होती.

सॅमसंगने अँड्रॉइडवर चढवलेल्या स्वतःच्या सजावटीचं, म्हणजे ‘वन यूआय’चं मात्र कौतुक करायला हवं. ‘इझी मोड’ लावला की चिन्हं आणि अक्षरं मोठी होतात. वयस्कर माणसांना तेच हवं असतं. गॅलेक्सी एस२४ पासूनच्या एस मालिकेत तिथेही ७ वर्षं अपडेट आहेतच.

परवडत असेल तर मी साधाच घ्या म्हणेन. नाहीतर फोन घरी आल्याआल्या सेटिंग्जमध्ये जाऊन नको ती ॲप काढा, निघत नाहीत ती ‘डिसेबल’ करा.