संरक्षण अधिकाऱ्याकडचा ‘घरगुती घटना अहवाल’: आईसाठी भक्कम, मुलांच्या बाबतीत तोकडा

‘हात तर उचलत नाही ना, मग कसली तक्रार?’ गावात हमखास विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नाला नमुना 1 चोख उत्तर देतो. नमुना 1 म्हणजेच घरगुती घटना अहवाल: बाईची तक्रार ऐकून संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली सरकारनं नेमलेला अधिकारी, तो भरतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ ही हिंसाच आहे, आणि अहवालात त्याचा स्वतंत्र भाग आहे: चारित्र्यावर संशय, मुलगा झाला नाही म्हणून हिणवणं, घराबाहेर पडू न देणं, ठरावीक माणसांना भेटू न देणं. सासर कराडला असून बाई सध्या जतला माहेरी राहत असेल, तर जतच्या न्यायालयात अर्ज चालतो. हेलपाटे वाचतात, ही मोठी सोय.

मुलांचा रकाना मात्र फारच त्रोटक. नाव, वय, लिंग, सध्या कुणाजवळ, बस्स. आईचा रोजचा पाणउतारा ऐकणारं सात वर्षांचं पोर पुन्हा अंथरूण ओलं करतं, शाळेच्या वेळी त्याचं पोट दुखतं. थोरली बापाच्या गाडीचा आवाज आला की धाकट्याला घेऊन आतल्या खोलीत जाते. मुलगा बापाच्याच सुरात आईला ‘तुला काय कळतं’ म्हणू लागतो. मारहाण नसलेल्या घरातही हे घडतं, आणि अहवालात ते नेमकं निसटतं.

म्हणून वेगळा कागद जोडावा. ‘मानसिक त्रास देतो’ असं मोघम लिहिलं की प्रकरण लंगडं पडतं. कधी, कोणते शब्द, कुणी ऐकलं आणि त्या वेळी मूल काय करत होतं, हे एकेका प्रसंगाचं लिहा. तारीख आठवत नसेल तर ‘बेंदराच्या आदल्या दिवशी’, ‘सहामाहीच्या आठवड्यात’ असं लिहिलं तरी चालेल. अंदाजानं खोटी तारीख टाकू नका, उलटतपासणीत तीच अंगाशी येते. शाळेची हजेरी, डॉक्टरांचा केसपेपर सोबत लावा. मुलाला पढवू नका, त्याच्याकडून लिहूनही घेऊ नका. नवरा फोन तपासत असेल तर टिपणं फोनमध्ये नकोत.

मागण्यांच्या भागात संरक्षण आदेशावर (छळ करायला मनाई करणारा आदेश) खूण होते आणि कलम 21, मुलांचा तात्पुरता ताबा, राहून जातं. ते बघा. निकालाआधी आधार हवा असेल तर कलम 23 खाली अंतरिम आदेश मागा. मदतीच्या भागात समुपदेशकावर खूण करताना मुलांसाठीही हवा, असं शेजारच्या रकान्यात लिहा. कायद्यात निकालासाठी 60 दिवसांचं उद्दिष्ट आहे. घरखर्चाचं गणित त्यावर बेतू नका. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बाईचं उत्पन्न कितीही असो.

या अहवालाला गुण द्यायचे तर आईसाठी 5 पैकी 4, मुलांसाठी 2. अहवालाची प्रत मागून घ्या. सासरीच राहत असाल तर ती घरात ठेवू नका.