किंडरडाइक, बीसबॉस की झेलंड? डच डेल्टातलं पाणी बघायला निघण्याआधी

नेदरलँड्सला जाणाऱ्या मराठी माणसाच्या यादीत ट्यूलिपच्या बागा, झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या आणि गिथॉर्नची होडी ही तीन ठिकाणं बहुतेक ठरलेलीच असतात. त्यानंतरही हातात एक-दोन दिवस उरत असतील आणि समुद्रसपाटीखालचा हा देश टिकून कसा राहिला हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर रॉटरडॅमच्या परिसराकडे वळा. राइन, मास आणि स्खेल्ड या नद्या जिथे समुद्राला मिळतात त्या डेल्टात चार जागा माझ्या मते तोलून बघण्यासारख्या आहेत: किंडरडाइकच्या पवनचक्क्या, बीसबॉसचा पाणथळ प्रदेश, झेलंडमधले वादळरोधक बांध आणि गौडा-निउकोपच्या आसपासची तळी.

निकाल आधीच सांगते. गाडी नसेल आणि एकच दिवस असेल, तर डोर्डरेख्टला मुक्काम करा आणि तो दिवस बीसबॉसला द्या. संध्याकाळ मोकळी राहिली तर किंडरडाइक. गाडी असेल आणि १९५३च्या महापुराबद्दल जाणून घ्यायचं असेल, तर झेलंड. तळ्यांसाठी वेगळा दिवस काढू नका, ती वाटेत होतात. बहुतेक जण किंडरडाइकला पहिला नंबर देतात आणि बीसबॉसचं नावही घेत नाहीत. मला ते पटत नाही. का, ते पुढे येईलच.

त्याआधी एक गोष्ट माहीत असलेली बरी, म्हणजे चारही जागांमधला धागा दिसतो. हजारेक वर्षांपूर्वी या भागात पीटचे जाड थर होते. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, वाळवला की जळणारा. शेतीसाठी लोकांनी चर खणून त्यातलं पाणी काढलं. पाणी गेलं तसं पीट सुकलं, हवा लागून कुजलं आणि जमीन खचत गेली. मग नदीकडून बांध घालावे लागले आणि आतलं पाणी उपसून बाहेर टाकावं लागलं. उपसा झाला की जमीन आणखी खचायची. जिथे पीट जळणासाठीच खणून काढलं, तिथे तळी उरली. आज देशाचा सुमारे २६ टक्के भाग समुद्रसपाटीखाली आहे, आणि त्यातला बराचसा माणसाच्या या कामामुळे खाली गेलेला आहे.

या खचत्या जमिनीवरचा उपाय किंडरडाइकला सगळ्यात स्वच्छ दिसतो. इथे १९ पवनचक्क्या आहेत आणि १९९७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. कालव्याच्या एका बाजूला १७३८ मधल्या आठ गोल, विटांच्या चक्क्या, दुसऱ्या बाजूला १७४० मधल्या आठ अष्टकोनी, गवताने शाकारलेल्या. उरलेल्या तीन थोड्या बाजूला. एवढ्या चक्क्या एकाच जागी का, याचं उत्तर समजून घेतलं तर पुढचे दोन तास रंगतात. पूर्वी ओहोटीला लेक नदीची पातळी उतरली की दरवाजे उघडून आतलं पाणी सोडून देता यायचं. गोव्यातल्या खाजणांची (खाडीलगतच्या शेतांची) मानस, म्हणजे पाण्याची दारं, ज्यांनी बघितली आहेत, त्यांना ही पद्धत लगेच ओळखू येईल. पण जमीन खाली जात राहिली, नदीचं पात्र वर येत राहिलं आणि नुसते दरवाजे पुरेनात. तेव्हा नदीलगत उंचावर पाणी साठवण्याची जागा केली. चक्क्यांनी खालच्या कालव्यातलं पाणी तिथे चढवायचं आणि नदी उतरेपर्यंत ते तिथेच थांबवायचं. एकेक चक्की मर्यादितच पाणी उचलू शकते, म्हणून एवढी रांग लागली.

आज हे काम पंप करतात. प्रवेशद्वाराजवळच १९७२ मधल्या पंपघराचे प्रचंड मळसूत्री पंप काचेआड फिरताना दिसतात. बरेच पर्यटक त्यांच्याकडे न बघता पुढे निघून जातात. तुम्ही पाच मिनिटं थांबा, कारण मागची जमीन आज कोरडी आहे ती या पंपांमुळे.

किंडरडाइकची खरी सोय म्हणजे सपाट रस्ता. मुंबई-पुण्याहून आलेले आई-बाबा सोबत असतील आणि कुणाचे गुडघे दुखत असतील, तर चारही जागांमध्ये हीच सगळ्यात सोपी. कालव्याकाठची वाट सर्वांना मोफत आहे. तिकीट लागतं ते संग्रहालय केलेल्या चक्क्यांमध्ये शिरायला आणि बोटीला. चक्कीच्या आतले जिने मात्र शिडीसारखे खडे आहेत, तिथे वडीलधाऱ्यांनी खालचा मजला बघितला तरी पुरे. बाकीच्या बहुतेक चक्क्यांमध्ये कुटुंबं राहतात. त्यांच्या अंगणात शिरू नका.

अडचण गर्दीची. नदीवरून फिरणारी क्रूझ जहाजं आणि टूरच्या बसेस सकाळी दहा-साडेदहापासून येऊ लागतात आणि दुपारी त्या अरुंद वाटेवर सायकल चालवणंही कठीण होतं. उन्हाळ्यात उजेड रात्री साडेनऊ-दहापर्यंत असतो, तेव्हा पाचनंतर जा. चक्क्या आतून बंद झालेल्या असतील, पण बाहेरून बघण्याची वेळ तीच. आणि मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी तिथे असाल तर नक्की जा. तो राष्ट्रीय पवनचक्की दिन, वारा असेल तर देशभर चक्क्या फिरतात.

बीसबॉसला असं एकही दृश्य नाही की ज्याचा फोटो काढून घरी पाठवला आणि लगेच ‘वा!’ आलं. म्हणूनच तो मागे पडतो. पण मला विचाराल तर डेल्टा कळतो तो इथेच. १४२१च्या नोव्हेंबरमध्ये संत एलिझाबेथच्या दिवशी आलेल्या पुराने इथली सुपीक शेतजमीन आणि कित्येक गावं बुडवली. जमीन परत मिळवायला शतकं लागली आणि सगळी कधीच मिळाली नाही. नद्यांनी गाळ आणून टाकला, त्यावर लव्हाळं आणि वाळुंज वाढले आणि भरती-ओहोटीवर श्वास घेणारा गोड्या पाण्याचा अरण्यभाग तयार झाला. माणसांनी त्यातूनही रोजगार काढला. हिवाळ्यात चिखलात उभं राहून वाळुंजाच्या फांद्या तोडायच्या, त्यांच्या मोठमोठ्या चटया विणायच्या, त्या दगडांच्या भाराने नदीच्या तळाशी बुडवायच्या आणि त्यांच्या आधाराने बांध उभे करायचे. देशाला वाचवणाऱ्या बांधांच्या पायाशी याच ओल्या जंगलातली लाकडं आहेत, आणि ती तोडणाऱ्यांचं आयुष्य फार हलाखीचं होतं.

मग १९७० मध्ये समुद्राकडच्या हारिंगव्लीट खाडीचं तोंड बांधाने बंद झालं. बीसबॉसमध्ये जवळपास दोन मीटरने वरखाली होणारं पाणी बहुतेक भागात वीस-तीस सेंटीमीटरवर आलं. किनाऱ्यामागची माणसं सुरक्षित झाली आणि हे जंगल बदललं. चिखलाचे उघडे पट्टे गेले, झुडपं दाट झाली. बीव्हर हा प्राणी तर देशातून १८२६ मध्येच संपला होता, १९८८ मध्ये एल्ब नदीकाठचे बीव्हर आणून इथे सोडले. आता त्यांनी कुरतडलेली झाडं जागोजाग दिसतात. प्राणी स्वतः दिसायचा तर संध्याकाळ हवी आणि नशीबही. पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड २०१२ पासून इथे घरटं करतो, त्याचे फळीसारखे रुंद पंख दुर्बिणीशिवायही ओळखता येतात.

पण बीसबॉसला पहिला नंबर देण्याचं माझं कारण नोर्डवार्ड हा त्याचा एक भाग आहे. १९९३ आणि १९९५ मध्ये नद्यांना मोठे पूर आले, १९९५ मध्ये तर सुमारे अडीच लाख माणसांना घरं सोडावी लागली. बांध आणखी उंच करत राहणं हा एकच उपाय पुरणार नाही, हे तेव्हा सरकारने मान्य केलं आणि नदीला जागा देण्याची योजना आखली. नोर्डवार्डमधली सुमारे ४,४५० हेक्टर जमीन पुराच्या वेळी नदीला मोकळी करून दिली, नदीकाठचा बांध जागोजाग उतरवला. काही शेतकऱ्यांनी गाव सोडलं, काहींनी मातीच्या उंचवट्यांवर नवी घरं बांधली. काम २०१५ मध्ये पूर्ण झालं आणि मोठ्या पुरात नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या खोरिंखेम शहराजवळची पातळी त्यामुळे तीसेक सेंटीमीटरने उतरते. शतकानुशतकं पाण्याकडून जमीन घेणाऱ्या देशाने ती परत दिली आहे, आणि ती परत दिलेली जमीन तुम्ही सायकलवरून ओलांडू शकता. किंडरडाइक बघून हा देश पाण्याशी लढला एवढंच कळतं. त्याने कुठे माघार घेतली, कोणाला त्याची किंमत मोजावी लागली, हे इथे कळतं. आपल्याकडे कृष्णा-पंचगंगेच्या पुरानंतर पूररेषेवर जी चर्चा होते, ती ज्यांनी सांगली-कोल्हापुरात जवळून ऐकली आहे त्यांनी तरी ही जागा चुकवू नये.

जायचं कसं? गाडीशिवाय सोपी बाजू डोर्डरेख्टची. स्टेशनवरून सायकलने साधारण अर्ध्या तासात अभ्यागत केंद्र येतं. तिथे कनू मिळतात, विजेवर चालणाऱ्या शांत होड्या मिळतात आणि फेरीच्या मोठ्या बोटीही असतात. पोहता न येणाऱ्यांनी, लहान मुलं असणाऱ्यांनी मोठी बोट घ्यावी. बाकीच्यांनी विजेची होडी, कारण अरुंद फाट्यांमध्ये शिरायचं तर तीच हवी. गाडी असेल तर वेर्केंडामच्या बाजूने जा. नोर्डवार्ड आणि संग्रहालयाचं बेट त्या बाजूला आहे. पाण्याचे तीन मोठे साठेही तिथे दिसतील. मास नदीचं पाणी त्यांत साठवून मग रॉटरडॅम आणि परिसराच्या नळांना जातं. उंच गवतातून चाललात तर परतल्यावर पाय, गुडघ्यामागची जागा नीट तपासा. इथल्या गोचिडींमुळे लाइम आजार होऊ शकतो.

झेलंडचं प्रमाणच वेगळं. १ फेब्रुवारी १९५३च्या पहाटे वादळ आणि मोठी भरती एकत्र आली, बांध फुटले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. औवेरकेर्क इथलं शेवटचं भगदाड बुजवायला नोव्हेंबर उजाडला. त्यासाठी वापरलेल्या चार अवाढव्य काँक्रीटच्या पेट्यांच्या आतच आज महापुराचं संग्रहालय आहे. मी आधी तिथे जायला सांगेन आणि मगच ऑस्टरस्खेल्ड खाडीच्या तोंडावरच्या बांधावर. नाहीतर तो बांध नुसता अभियांत्रिकीचा चमत्कार वाटतो.

हा बांध नऊ किलोमीटरचा, ६५ खांब आणि ६२ पोलादी दरवाजे असलेला. मूळ बेत खाडी कायमची बंद करण्याचा होता. शिंपले-कालवं काढणारे मच्छीमार आणि निसर्गप्रेमी यांनी जोरदार विरोध केला आणि १९७६ मध्ये उघडमिट करणाऱ्या दरवाजांचा निर्णय झाला. १९८६ मध्ये राणी बेआट्रिक्स यांनी उद्घाटन केलं. दरवाजे एरवी उघडे असतात, समुद्राची पातळी तीन मीटरच्या वर जाण्याचा अंदाज आला तरच बंद होतात. बीसबॉसने जी भरती गमावली ती ऑस्टरस्खेल्डने वाचवली, आणि हा फरक लोकांच्या आवाजामुळे पडला. नेल्ट्ये यान्स या कृत्रिम बेटावरून बांधाच्या आत उतरता येतं. दरवाजांखालून धावणारं पाणी बघताना मुलंही गप्प होतात. त्या बेटावरच्या उद्यानात सीलही आहेत, त्यामुळे मुलांचा दिवस कंटाळवाणा होत नाही.

गाडीशिवाय झेलंड करू नका, दिवस बस बदलण्यात जातो. तेवढी ओढ असेल आणि गाडी नसेल तर रॉटरडॅमहून मेट्रोने हुक फान होलांडकडे जा आणि पुढे सायकलने १९९७चा माएस्लांट बांध बघा. नदीच्या तोंडावर मिटणारे त्याचे दोन दरवाजे प्रत्येकी २१० मीटर लांब आहेत. उन्हाळ्यातही दोन्हीकडे विंडचीटर हवंच, बांधावरचा वारा छत्री टिकू देत नाही.

तळ्यांबद्दल थोडक्यात. गौडा स्टेशनवरून सायकल घेऊन रेउवाइकच्या तळ्यांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर फेरी मारली की पीट खणून काय झालं ते दिसतं. दोन्हीकडे पाणी आणि मधे जेमतेम रस्ता. गुरुवारी गौड्याच्या चीजबाजारासाठी जाणार असाल तर दुपार तिथे घाला. निउकोपला होडी घेऊन पाणवनस्पतींमधून शिरता येतं, जांभळ्या बगळ्यांची वसाहत हे तिथलं वैभव. पक्षीनिरीक्षक असाल तर निउकोप, नाहीतर रेउवाइक पुरे. आणि गिथॉर्न? तेही पीट खणूनच घडलेलं गाव, सुंदर आहे, पण या डेल्टाच्या बाहेर, बरंच ईशान्येला. ऐन हंगामात तिथे होड्यांची रांग लागते. आईने तेच मनात धरलं असेल तर जरूर न्या, मात्र शांतता हवी असेल तर निउकोप बरं.

चारही ठिकाणी शाकाहारी जेवण म्हणजे पॅनकेक, चीजचा ब्रेड आणि फ्राइज एवढंच धरून चाला आणि डबा सोबत ठेवा. बीसबॉसमध्ये होडीवर चढण्याआधीच पाणी-खाणं घेतलेलं बरं.

परतीचं विमान संध्याकाळचं असेल आणि गाडी हाताशी असेल, तर शेवटच्या दिवशी क्रुकियस पंपघर बघा. स्खिपोल विमानतळ आहे तो सगळा भाग पूर्वी हार्लेमरमेर नावाचं तळं होतं. १८४९ ते १८५२ या काळात तीन वाफेच्या पंपघरांनी ते उपसलं, त्यातलंच हे एक. त्याच्या मुख्य सिलिंडरचा व्यास ३.६६ मीटर आहे. आता ते यंत्र वाफेऐवजी तेलाच्या दाबावर हलवून दाखवतात. उघडण्याचे दिवस आधी तपासून घ्या, तिथून विमानतळ गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे.