चार पट्ट्यांचा पँटोग्राफ, दहावीच्या समरूपतेसाठी: शैक्षणिक वर्षभर वापरल्यावर

लोकलच्या टपावर असतो तो पँटोग्राफ नव्हे. हा कागदावरचा, चित्र मोठं-लहान करायचा, चार पट्ट्यांचा. ख्रिस्तोफ शायनर या जर्मन जेझुइट पाद्र्याने 1603 च्या सुमारास तो बनवला आणि 1631 मध्ये त्यावर पुस्तक छापलं. आपल्याकडे तो रंगकामाच्या आणि ड्रॉइंगच्या सामानात मिळतो, पण भूमितीच्या तासाला फारसा दिसत नाही. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीत गणित भाग 2 चं पहिलंच प्रकरण समरूपता आहे, म्हणजे आकार तोच, माप लहान-मोठं. ते शिकवायला सुरुवात केल्यापासून सराव परीक्षा होईपर्यंत दोन पँटोग्राफ आलटून पालटून वापरले: एक तयार प्लॅस्टिकचा, दुसरा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, करून घेतलेला.

तयार प्लॅस्टिकचा घेऊ नका. पट्ट्या लांब आणि पातळ असल्यामुळे मधे झोल पडतो, पेन्सिल कागदावर टेकत नाही. टेकावी म्हणून दाबली की सांधा तिरका होतो. आट्यांचे स्क्रू सरळ प्लॅस्टिकमध्ये फिरतात, त्यामुळे चार-सहा वेळा भोकं बदलली की सांधे ढिले पडतात. भोकांशेजारचे आकडे मात्र बरोबर असतात. ते कुठून येतात हे कळायला स्वतः पट्ट्या कापण्यासारखा दुसरा उपाय नाही.

पुढच्या वर्णनासाठी बिंदूंची नावं ठरवून घेऊ. ख म्हणजे खिळा, पाटाला पक्का. म म्हणजे माथ्याचा सांधा. प म्हणजे पेन्सिल. ट म्हणजे मूळ आकृतीवरून फिरवायचं टोक. खम आणि मप या दोन लांब पट्ट्या. खम वर क आणि मप वर ड. तिथून निघालेल्या कट आणि डट या पट्ट्या ट पाशी एकत्र येतात. कमडट हा समांतरभुज चौकोन.

पट्ट्या 20 मिमी रुंद, 3 मिमी जाड, प्रत्येकी 38 सेमी लांब. भोकं टोकापासून नव्हे, पहिल्या भोकाच्या मध्यापासून मोजायची: 0, 9, 12, 18, 24 आणि 36 सेमी. चारही पट्ट्यांना हीच भोकं. चौघी एकावर एक ठेवून दोन क्लॅम्पनी आवळायच्या, आधी 0 चं भोक पाडून त्यात बोल्ट घालायचा, मग 36 चं पाडून त्यातही बोल्ट, आणि नंतर मधली. असं केलं नाही तर थप्पी सरकते आणि खालची पट्टी वरचीपेक्षा मिलिमीटरभर वेगळी निघते. फॅब्रिकेशनवाल्याकडच्या उभ्या ड्रिल मशीनवर भोकं सरळ पडतात. हातातल्या ड्रिलने तिरकी जातात. बिट 3 मिमीचा, बोल्टही 3 मिमीचा. मोठ्या बिटने भोकाच्या कडा हलक्या हाताने साफ करायच्या, नाहीतर पट्ट्या एकमेकींना खरवडतात.

जोडताना खम, मप आणि कट यांची मोजणी अनुक्रमे ख, म, क पासून सुरू होते. चौथी पट्टी, डट, उलटी लावायची: तिचं 36 चं भोक ड वर. मग चारही ठिकाणी एकच आकडा निवडला की काम झालं. सगळीकडे 12 निवडा: खक 12, कट 12, मड 12, आणि डट होते 36 वजा 12 म्हणजे 24, जी कम इतकीच आहे. समांतरभुज चौकोन आपोआप जुळला. 9 ने चित्र चौपट, 12 ने तिप्पट, 18 ने दुप्पट, 24 ने दीडपट.

थर लावण्यात बरेच जण अडकतात. नियम सोपा आहे: समांतर पट्ट्या एका थरात. खम आणि डट वर, मप आणि कट खाली. मग प्रत्येक सांध्यात एक वरची आणि एक खालची पट्टी येते, कुठेही पीळ पडत नाही. ख पाशी फक्त वरची पट्टी असते, म्हणून तिच्याखाली पट्टीच्या जाडीइतके वॉशर घालावे लागतात. क, म, ड या तीन सांध्यांना नायलॉन लॉक नट, दोन पट्ट्यांमध्ये एक वॉशर. नट पूर्ण आवळून मग पाव फेरा मागे. साधा नट तासाभरात सैल होतो. कट पट्टी 24 च्या भोकापुढे आणि डट पट्टी 9 च्या भोकापुढे कापून टाकावी, नाहीतर उरलेले दांडे कागदावर आडवे येतात. ट साठी संपलेली रिफिल, प साठी 2बी पेन्सिल. मप वरचं 36 चं भोक पेन्सिलीपुरतं मोठं करून घ्यायचं.

आता गणित. खक/खम = 12/36 आणि कट/मप = 12/36. कट समांतर मप, म्हणून कोन खकट आणि कोन खमप हे संगत कोन, समान. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने त्रिकोण खकट आणि त्रिकोण खमप समरूप. म्हणून कोन कखट = कोन मखप, म्हणजे ट हा रेख खप वरच असणार, आणि खप ही खट च्या तिप्पट. पट्ट्या उघडा, मिटा, कोन क कितीही बदलू द्या, ही तिप्पट हलत नाही. ट ने 3, 4, 5 सेमी बाजूंचा त्रिकोण गिरवला की पेन्सिल 9, 12, 15 चा काढते. 6 चौसेमीचे 54 चौसेमी होतात. आलेख कागदावर चौकोन मोजले की नऊपट दिसते. क्षेत्रफळांचं गुणोत्तर संगत भुजांच्या वर्गांचं गुणोत्तर असतं हे पाठ करून घ्यावं लागत नाही, पण ‘तिप्पट मोठं’ असं म्हणायची सवय मोडायला हे चौकोन एकदा मोजायलाच हवेत.

यंत्र नीट चालतं तेव्हा मुलं खूश होतात आणि त्यापलीकडे फार काही होत नाही. खरी किंमत वसूल होते ती मुद्दाम चुकीची भोकं लावल्यावर. दोन चुका करून बघण्यासारख्या आहेत.

पहिली: तीन ठिकाणी 12 ठेवा, फक्त मप वर ड साठी 18 घ्या. खक/खम आणि कट/मप अजूनही एक-तृतीयांशच आहेत. पण मड 18 झाली आणि कट 12 राहिली, चौकोन समांतरभुज उरला नाही, कट आता मप ला समांतर नाही, म्हणून समाविष्ट कोन समान नाहीत. बा आहे, बा आहे, को गेला. गिरवलेली सरळ रेघ वाकडी उमटते.

दुसरी: खम वर आणि डट वर 18, मप वर आणि कट वर 12. आता चौकोन पक्का समांतरभुज आहे, संगत कोन समान आहेत. को आहे. पण खक/खम अर्धा आणि कट/मप एक-तृतीयांश. पुन्हा चित्र बिघडतं. ख ते प असा दोरा ताणून धरा आणि पट्ट्या काटकोनात उघडा: ट दोऱ्यापासून चार सेंटिमीटरहून जास्त दूर दिसतो. कसोटीच्या नावातल्या तिन्ही अक्षरांची गरज का, याचं याहून चांगलं उत्तर फळ्यावर देता येत नाही. आणि चारही आकडे एकसारखेच, पण चुकून 12 ऐवजी 18 लावले तर? आकृती निर्दोष समरूप येते, फक्त दुप्पट. आकार बिघडला की कसोटी मोडली, नुसतं माप चुकलं की गुणोत्तर वेगळं. शोध कुठे घ्यायचा हे यावरून ठरतं.

दोऱ्याची ही तपासणी प्रत्येक वेळी भोकं बदलल्यावर करावी. भोक निवडण्यातली चूक ती लगेच पकडते. ड्रिलची मिलिमीटरभराची चूक पकडत नाही, पण त्या चुकीने 12 च्या भोकावर एक टक्क्याहून कमीच फरक पडतो.

परीक्षेत गुण खाणारी जागा वेगळीच आहे. 12 चं भोक लावलं की क हा बिंदू पट्टीचे 12 आणि 24 असे भाग करतो. विचारा, चित्र कितीपट होईल? अर्धा वर्ग ‘दुप्पट’ म्हणतो. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयात (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात छेदते) खक/कम = खट/टप, म्हणजे 1/2; समरूप त्रिकोणांत खक/खम = कट/मप, म्हणजे 1/3. समांतर बाजूंचं गुणोत्तर विचारलं की मुलं 1/2 लिहून मोकळी होतात. पँटोग्राफ ही दोन्ही गुणोत्तरं त्याच भोकांवर दाखवतो, आणि याच कारणासाठी तो शिफारस करण्याजोगा वाटतो. खिळा ख वर असताना पेन्सिल तिप्पट काढते. आता भोकं न बदलता खिळा ट वर ठोका आणि गिरवायचं टोक ख वर बसवा. पेन्सिल आता दुप्पट काढते, आणि तीही उलटी, 180° फिरलेली. टप ही खट च्या दुप्पट असल्यामुळे. एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा आणि दोन बाजूंना दोन त्रिकोण, विरुद्ध कोन समान, ही जी आकृती कोको (कोन-कोन) कसोटीच्या उदाहरणांत सतत येते, ती इथे टेबलावर तयार होते. 18 च्या भोकांवर हेच केलं तर उलटी पण तंतोतंत एकरूप आकृती मिळते.

तक्रारी. जागा फार लागते. तिपटीला ट हा ख पासून 12 ते 17 सेमीवर फिरत असेल तर पेन्सिल 36 ते 51 सेमीवर असते. एका बाकावर हे मावत नाही, दोन बाक जोडा किंवा जमिनीवर बसा. कोन क 40° ते 110° यांच्या दरम्यान राहील अशा बेताने मूळ आकृती ठेवावी. त्याहून मिटला तर पट्ट्या घासतात, फार उघडला तर सांधे एका रेषेत यायला लागतात आणि पेन्सिल अडखळते. मूळ आणि नवी आकृती एकमेकींवर चढू नयेत म्हणून दीडपटीला आकृतीच्या रुंदीच्या किमान दुप्पट अंतर ख पासून सोडावं; तिपटीला रुंदीच्या निम्मं पुरतं.

हाताचा थरकापही तिप्पट होतो. ट पाशी एक मिलिमीटर चुकलं की प पाशी तीन. म्हणून बाजू पट्टीच्या आधाराने गिरवायची. स्वच्छ चित्र हवं असेल तर पेन्सिल आणि टोक यांची अदलाबदल करून लहान करा. थरकापही एक-तृतीयांश होतो. ॲटलासमधला नकाशा मोठा करायचा मोह सगळ्यांना होतो. 1 सेमीला 50 किमी असा नकाशा दुप्पट केला की 1 सेमीला 25 किमी, एवढं प्रमाण खाली लिहायला लावा आणि किनाऱ्याची नागमोडी बारकाईने यायची अपेक्षा ठेवू नका.

सगळ्यात जास्त वैताग खिळ्याचा. ड्रॉइंग पिन पुरत नाही. ख काम चालू असताना एक मिलिमीटर सरकला तर तिपटीत पेन्सिल दोन मिलिमीटर उलट दिशेला जाते, आणि गिरवलेला त्रिकोण शेवटच्या शिरोबिंदूशी मिटत नाही. मिटला नाही की आधी खिळा बघा, मग लॉक नट, भोकं सगळ्यात शेवटी. आम्ही पाटालाच बोल्ट लावून टाकला, तेव्हा हा प्रश्न संपला.

कोनदुभाजकाचं प्रमेय किंवा समान उंचीच्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर यासाठी याचा काही उपयोग नाही. त्याला कागद दुमडणं बरं. शिरोबिंदूंची संगती बरोबर क्रमाने लिहिण्याची सवयही यंत्र लावत नाही, ती वहीतच लागते. जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरवर बिंदू ओढून हेच सगळं झटपट दाखवता येतं, पण तिथे भोक चुकत नाही आणि नट ढिला होत नाही, त्यामुळे चूक शोधायची वेळच येत नाही.

चौथ्या प्रकरणात, भौमितिक रचनांत, समरूप त्रिकोणाची गुणोत्तरं 5:3, 5:4 अशी येतात. त्यासाठी चारही पट्ट्यांना आणखी दोन भोकं पाडून घ्या: 36 चे पाच भाग केले तर तीन भागांचं 21.6 सेमीवर, चार भागांचं 28.8 सेमीवर. 28.8 साठी कट पट्टी 24 ला कापून चालत नाही. ती भोकं हवी असतील तर कापण्याआधीच ठरवा.