दोघांसाठी दोन हॅमॉक: पवना, भंडारदरा की दिवेआगर?

जोडीने हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना टांगलेल्या कापडी झोळीत, रात्र काढायची असेल तर जागा शोधण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: हॅमॉक दोन हवेत. बाजारात ‘डबल’ म्हणून मिळतो तो नुसता रुंद असतो. संध्याकाळी दोघांनी त्यात बसून चहा प्यायला छान. झोपायला गेलात की दोघंही मधल्या खळग्यात घसरता आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. तोच रुंद कपडा एकट्याला मिळाला आणि त्यात तिरकं झोपलं, तर पाठ जवळजवळ सरळ राहते. माझ्या नवऱ्याला कंबरेचा त्रास आहे, त्यालाही अशी झोप मानवली.

दोन हॅमॉकना चार झाडं लागत नाहीत, तीन पुरतात. त्रिकोणात, एकमेकांपासून १२ ते १५ फुटांवर. एक झाड दोघांत सामाईक, तिकडे दोघांची डोकी. म्हणजे रात्री हळू आवाजात गप्पा मारता येतात. हे सामाईक झाड मात्र दणकट हवं. हॅमॉक झाडाला बांधायचा पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांत उतरता ठेवला तर प्रत्येक टोकावर साधारण तुमच्या वजनाएवढा ताण येतो. तोच ताणून १५ अंशांवर आणला की ताण जवळजवळ दुप्पट होतो, आणि सामाईक झाडाला तो दोन्ही बाजूंनी सोसावा लागतो. दोरी बांधू नका, ती सालीत रुतते. किमान इंचभर रुंदीचा पट्टा घ्या.

आता जागा. आम्ही पहिल्यांदा पवनेला गेलो. पुण्या-मुंबईहून जवळ, समोर पाणी, भोवती तुंग, तिकोना, लोहगड. फोनवर कॅम्पचे मालक म्हणाले, “झाडं भरपूर आहेत ताई.” होती, पण मनगटाएवढ्या जाडीची, नुकती लावलेली. पट्टा पेलेल अशी दोनच झाडं सापडली. मी हॅमॉकमध्ये झोपले आणि नवरा तंबूत. एकत्र म्हणून निघालो होतो, तेव्हा ती रात्र मला लागली.

दोष एकट्या मालकांचा नव्हता. धरणाच्या काठावर पाण्यालगत मोठी झाडं नसतातच, कारण ती जमीन दर पावसाळ्यात बुडते आणि उन्हाळ्यात उघडी पडते. तिथे गवत छान वाढतं, तंबूला उत्तम. पवनेचे बरेचसे कॅम्प अशाच मोकळ्या उतारावर आहेत. त्यात शनिवारी शेजारच्या कॅम्पचे स्पीकर पाण्यावरून थेट कानात येतात. पवनेला जायचंच असेल तर आडवारी जा आणि तंबू घेऊन जा. हॅमॉकसाठी मी ही जागा सुचवणार नाही.

भंडारदराही धरणाचंच. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्यामुळे पाण्याच्या रेषेचा नियम इथेही लागू. फरक असा, की रेषेच्या वर, शेंडी आणि रतनवाडी या गावांच्या बाजूला, जुने आंबे, जांभळं, ऐन आहेत. दिवाळीच्या सुमाराला धरण भरलेलं असतं, तेव्हा झाडं आणि पाणी जवळ येतात. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलेलं असतं, पण सावली तीच आणि रात्री सुखाच्या. आंब्याला पट्टा बांधण्याआधी वर बघा: लाल मुंग्यांची पानं शिवून केलेली घरटी दिसली तर दुसरं झाड शोधा.

इथे खरी परीक्षा थंडीची. कळसूबाई, १६४६ मीटरचं, इथून जवळच. डिसेंबर-जानेवारीत रात्री बोचऱ्या असतात. हॅमॉकमध्ये थंडी खालून लागते. स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग अंगाच्या वजनाने दबतो आणि खालून वाहणारा वारा ऊब घेऊन जातो. पाठीखाली फोमची मॅट हवीच. मे अखेर-जूनमध्ये काजवे बघायला जाणार असाल तर हॅमॉक घरीच ठेवा. काजवे बसतात ती झाडं म्हणजे हिरडा, बेहडा, सादडा; त्यांना पट्टे आणि टॉर्चचे झोत नकोत. त्या दिवसांत गावात घरगुती मुक्काम बरा. भोवतीचा बराच भाग अभयारण्यात येतो, म्हणून एरवीही मुक्काम गावातल्या खाजगी जागेत, विचारून करा.

दिवेआगरचं गणित वेगळं. किनाऱ्यामागे सुरूचं बन. खोड सरळ, ओळी लावलेल्या, त्यामुळे त्रिकोण चटकन जुळतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या सुरू, माड, पोफळी मोडून टाकल्या. म्हणून वाकलेलं, वाळलेलं किंवा तुटकी फांदी अडकलेलं झाड टाळा, आणि बनात पट्टे बांधण्याआधी गावात परवानगी विचारा. आम्ही बनाला लागून असलेल्या वाडीत राहिलो. तिथेही माडाखाली बांधायचं नाही. रात्री नारळ पडतो. पोफळ बारीक आणि वाकणारी, तिला हातही लावू नका.

हिवाळ्यात किनाऱ्याची रात्र उबदार असते. दिवसा समुद्रावरून खारा वारा येतो, रात्री जमिनीवरून मतलई सुटते. वरचं छत बांधताना गावाची बाजू खाली ओढून घ्या. डास मात्र आहेत, जाळीशिवाय डोळा लागणार नाही. आणि वाडीत संडास-न्हाणीघर पावलांवर असतं. मध्यरात्री टॉर्च घेऊन उतार चढण्यापेक्षा मला हे फार मोलाचं वाटतं. तुम्ही बायकोला नेणार असाल तर तिला आधी हे विचारा.

म्हणून पहिलीच खेप असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत दिवेआगर. तिथे झोप जमली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात भंडारदरा, कारण त्या झाडांखालची शांतता किनाऱ्यावर नाही. कुठेही आगाऊ पैसे भरण्याआधी मालकांना ‘झाडं आहेत का’ असं विचारू नका. तीन झाडांचा एक फोटो मागा, शेजारी माणूस उभा करून. जाडी आणि अंतर दोन्ही लगेच कळतं.