फोकस मागे बसतोय: कॅमेऱ्यातच सुधारायचा, डॉक घ्यायचा, सर्व्हिसला द्यायचा की थेट मिररलेस?

८५ मिमी एफ/१.८ लेन्सने भाचीचे फोटो काढले होते. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळे झकास. कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून पाहिले तर पापण्या मऊ, आणि कानामागचा केस न् केस मोजता येतोय. असे एकदोन नाहीत, निम्मे फोटो. पहिला विचार मनात येतो तो लेन्स विकून टाकण्याचा. तो आठवडाभर पुढे ढकला.

कारण खाली ज्या चार मार्गांची तुलना केलीय (कॅमेऱ्याच्या मेनूत घालायचा दुरुस्तीचा आकडा, लेन्स बसवून कॉम्प्युटरला जोडायचा डॉक, सर्व्हिस सेंटर, किंवा आरसा नसलेला मिररलेस कॅमेरा), त्यातला कुठला तुमच्या कामाचा हे एका गोष्टीवर ठरतं: चूक दर वेळी एकाच बाजूला होते, की कधी पुढे कधी मागे? एकाच बाजूला होत असेल तर ती आकड्याने सुधारते. विखुरलेली असेल तर कुठलाही आकडा घाला, फरक पडणार नाही.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना मुख्य सेन्सर कामाला नसतोच. आरशातून थोडा प्रकाश आरपार जातो, मागच्या छोट्या आरशावर आपटून खाली वळतो आणि तळाशी बसवलेल्या वेगळ्या फोकस सेन्सरवर पडतो. हा रस्ता आणि फोटोच्या सेन्सरपर्यंतचा रस्ता यांत केसाएवढा फरक असला तरी फोकस सरकतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताना) आरसा वर जातो आणि फोकस मुख्य सेन्सरवरूनच ठरतो. म्हणून चाचणी सोपी आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, अपर्चर पूर्ण उघडं, टायमर लावलेला. समोर ठळक छपाईचा सपाट कागद, सेन्सरला समांतर, आणि शेजारी तिरकी ठेवलेली पट्टी. फोकस कागदावर करायचा, पट्टीवर नाही. तिरक्या पट्टीवरच नेम धरला तर कॅमेरा तिच्यावरची कुठली रेघ पकडेल याचा भरवसा नाही, कारण फोकस पॉइंट दिसतो त्याहून प्रत्यक्षात मोठा असतो. अंतर फोकल लेन्थच्या (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याच्या) २५ ते ५० पट, म्हणजे ८५ मिमीला साधारण २ ते ४ मीटर. दहा फोटो व्ह्यूफाइंडरमधून, दहा लाइव्ह व्ह्यूमधून, आणि प्रत्येक फोटोआधी लेन्स हाताने पार भलतीकडे फिरवून. दिवसाच्या उजेडात करा. पिवळ्या बल्बखाली काही कॅमेऱ्यांचा फोकस वेगळा बसतो.

माझ्याकडे लाइव्ह व्ह्यूचे दहाही चोख आले आणि व्ह्यूफाइंडरचे नऊ मागे, पण थोडेच मागे. म्हणजे फोटोंमधला बराचसा दोष आणखी कुणाचा तरी होता. तो माझा निघाला. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस धरून मग फ्रेम बदलायची माझी सवय. दीड मीटरवर कॅमेरा १० अंश फिरवला की फोकसचं प्रतल डोळ्याच्या सुमारे २ सेंमी मागे जातं. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) या लेन्सची त्या अंतरावरची एकूण डेप्थ, म्हणजे चोख दिसणारा पट्टा, जेमतेम ३ सेंमी, त्यातला पुढचा निम्मा दीडच. दुरुस्तीवर खर्च करण्याआधी डोळ्यावरचाच फोकस पॉइंट निवडून आठवडाभर फोटो काढून बघा, हा त्यातला फुकटचा उपाय.

उरलेल्या चुकीसाठी कॅमेऱ्यातली दुरुस्ती आणि डॉक हे दोन मार्ग उरतात, आणि खरी तुलना यांच्यातच आहे. कॅमेऱ्यातल्या दुरुस्तीला कॅनन एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट म्हणतं, निकॉन एएफ फाइन-ट्यून. दोन्हीकडे आकडा वजा २० ते अधिक २०. अधिक म्हणजे फोकस कॅमेऱ्यापासून लांब, वजा म्हणजे जवळ. पैसे लागत नाहीत, नाही पटलं तर शून्यावर आणलं की झालं. निकॉनच्या डी५ आणि डी५०० पासून (२०१६) लाइव्ह व्ह्यूशी ताडून कॅमेरा आकडा स्वतःच काढतो. तो दर वेळी थोडा वेगळा येतो, तेव्हा पाचसहा वेळा काढून सरासरी घ्या. पण आकडा घालायची सोयच सगळ्या बॉडींत (कॅमेऱ्यांत) नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांत नाही. कॅननने तर ५०डीत दिलेली सोय ६०डीत काढून घेतली आणि ७०डीत परत दिली. विकत घेताना हे कुणी सांगत नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी एका लेन्सला एकच आकडा. झूमच्या एका टोकाला बरोबर बसवलं की दुसरं टोक बिघडतं. कॅननच्या ५डी मार्क ३ सारख्या बॉडींत दोन टोकांना दोन आकडे देता येतात, तेवढाच दिलासा.

सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल आकडा बॉडीत न ठेवता लेन्समध्येच लिहितात. सिग्माच्या प्राइमला (झूम नसलेल्या लेन्सला) चार अंतरांसाठी चार आकडे, झूमला चार फोकल लेन्थ गुणिले चार अंतरं, म्हणजे १६. बारकाई जबरदस्त, पण कष्टही तितकेच: लेन्स काढा, डॉकवर लावा, आकडा बदला, परत कॅमेऱ्यावर चढवा, फोटो काढा, बघा. झूमला एक सुट्टी अख्खी जाते. डॉक माउंटनुसार (लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या जोडणीनुसार) वेगळा येतो आणि त्या त्या कंपनीच्या ठरावीक लेन्सनाच चालतो.

यातली एक मेख सहसा लक्षात येत नाही. दोष बॉडीचा असेल आणि तुम्ही दुरुस्ती लेन्समध्ये लिहिली, तर ती लेन्स दुसऱ्या बॉडीवर चुकायला लागते. म्हणून दोन बॉडी वापरणाऱ्याने आधी बॉडीतला आकडा वापरावा. एकच बॉडी असेल आणि जवळ-लांब वेगवेगळी चूक होत असेल, तर डॉक उजवा.

सर्व्हिस सेंटर कधी? आकडा वीसच्या आसपास जाऊनही पुरत नसेल, सगळ्याच लेन्स एकाच बाजूला चुकत असतील (मग संशय बॉडीवर), किंवा फोटोची एक बाजू कायम मऊ असेल तेव्हा. हे शेवटचं म्हणजे भिंग मध्यापासून सरकलंय. त्याला ना मेनूतला आकडा पुरतो ना डॉक. देताना बॉडी आणि लेन्स दोन्ही द्या, सोबत चाचणीचे मूळ फोटो. मी एक झूम नुसतीच दिली होती. ‘प्रमाणानुसार ठीक’ अशी चिठ्ठी लावून जशीच्या तशी परत आली. बॉडीसकट दिल्यावर काम झालं.

राहिला मिररलेस. तिथे फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, त्यामुळे दोन रस्त्यांचं भांडण मुळातच नाही, आणि डोळा शोधण्याची सोय असल्याने माझी फ्रेम बदलायची खोडही आपोआप सुटते. पण फक्त फोकस चुकतो म्हणून उडी मारायची तर आधी लाइव्ह व्ह्यूचे ते दहा फोटो पुन्हा बघा. तेही मऊ असतील तर दोष लेन्सचा आहे, आणि अ‍ॅडॅप्टर लावून तो नव्या बॉडीवरही येईल. जुन्या लेन्सची यादीही तपासा: निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या एएफ-डी लेन्सना त्यावर ऑटोफोकस मिळत नाही.

माझी ८५ मिमी सध्या वजा ७ वर आहे.