जुना टॉवर सर्व्हर, दहा महिन्यांनंतर: सुरू होतानाचा पासवर्ड लावण्याआधी हे वाचा

उत्तरायणाच्या (मकरसंक्रांतीच्या) दिवशी दुपारी आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या ऑफिसातला सर्व्हर बंद झाला आणि पुढचे अकरा दिवस मी एका पासवर्डाच्या मागे होतो. त्याआधीच्या आठ महिन्यांत या मशिनबद्दल माझी एकही तक्रार नव्हती. वेग, आवाज, उष्णता हे सगळं ठीक आहे, झिऑन ई-३ प्रोसेसर आणि ३२ जीबी ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या) मेमरीवर नऊ माणसांची टॅली आरामात चालते, एवढं सांगून तो विषय संपवतो. मला लिहायचंय ते सेटअपमधल्या (विंडोजच्या आधी येणारा, मशिनच्या मूळ सेटिंगांचा पडदा) दोन पासवर्डांबद्दल, आणि वीज परत आल्यावर मशिननं काय करायचं ते ठरवणाऱ्या एका ओळीबद्दल.

आमचं सीएचं ऑफिस आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आम्ही सयाजीगंजात तळमजल्यावर होतो. टेबलाखालचा जुना पीसी पाण्यात गेला. रात्रीचा बॅकअप साहेबांच्या घरी होता म्हणून वाचलो. नंतर दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर आलो आणि मे २०२५ मध्ये हा रिफर्बिश्ड टॉवर घेतला, ४२ हजारांना, एक वर्षाच्या वॉरंटीवर. नवा घ्यायचा तर याच्या तिप्पट गेले असते. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

पहिल्याच दिवशी एफ-२ दाबून सेटअपमध्ये गेलो. घरच्या पीसीची सवय असलेल्यांनी इथे धीर धरावा. मेमरीची तपासणी, रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं), मग नेटवर्क कार्ड असं करत आमच्या मशिनला सेटअपचा पडदा यायला अडीच मिनिटं लागतात. नेटवर्कवरून बूट (मशीन सुरू) होणं बंद केलं, त्यात अर्धं मिनिट वाचलं. बूटच्या क्रमात यूएसबी सगळ्यात खाली ढकललं. डिस्कच्या मोडला हात लावला नाही. तिथे रेडचं एएचसीआय (एकेकट्या डिस्कचा साधा मोड) केलं की विंडोज उठत नाही, हे एका मित्राच्या ऑफिसात पाहिलं होतं.

मग पासवर्ड. साहेबांचं म्हणणं रास्त होतं: क्लायंट लोकांचे पॅन, फॉर्म १६, बँकेची स्टेटमेंटं यात आहेत, कोणी उचलून नेला तर? म्हणून मी दोन्ही लावले. एक सेटअपचा, म्हणजे तो दिल्याशिवाय कोणी सेटिंग बदलू शकत नाही. दुसरा मशीन सुरू होतानाचा, म्हणजे तो दिल्याशिवाय विंडोजच चालू होत नाही. वीज परत आल्यावर काय करायचं या ओळीत तीन पर्याय होते: बंद राहा, चालू हो, किंवा आधी जसा होतास तसा हो. मी तिसरा निवडला. नावावरून तो सगळ्यात शहाणा वाटला.

दिवाळीपर्यंत कोणी विचारलं असतं तर मी याला पाचपैकी पाच तारे दिले असते. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या गर्दीतही एकदा अडखळला नाही.

आता १४ जानेवारी. बडोद्यात ज्यांनी उत्तरायण पाहिलंय त्यांना सांगायला नको. सकाळपासून सगळं शहर गच्चीवर असतं (आम्ही इथले मराठी लोकही अगाशीच म्हणतो), खाली उंधियो-जिलेबीच्या रांगा, आणि दुपारपर्यंत कुठे ना कुठे तारांमध्ये मांजा अडकून वीज जाते. आमच्या गल्लीत सव्वा वाजता गेली. यूपीएसनं पाऊण तास ओढलं, बॅटरी संपत आल्यावर सर्व्हरला नीट शटडाउन करायला सांगितलं, सर्व्हर बंद झाला. इथपर्यंत सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं. साडेतीनला वीज आली. सर्व्हर आलाच नाही.

मी मांजलपूरला घरी. आर्टिकलशिपची (सीएच्या प्रशिक्षणातली) दोन मुलं घरून लॉगिन करत होती, कारण २० तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं रिटर्न) आणि ३१ ला टीडीएसचं तिमाही रिटर्न. त्यांचे फोन सुरू झाले. उत्तरायणाला स्कूटर काढायची म्हणजे पुढे मांजापासून वाचवणारी तारेची कमान लावून, गळ्याला मफलर गुंडाळून, २० च्या स्पीडनं. तसा गेलो. बटण दाबलं, अडीच मिनिटांनी काळ्या पडद्यावर पासवर्डची चौकट आली. टाकला, विंडोज आलं.

तिथे उभं राहूनच लक्षात आलं की मी दोन चुका एकमेकींवर रचून ठेवल्या होत्या. पहिली, ‘आधी जसा होतास तसा हो’. यूपीएसनं नीट शटडाउन केला, म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीनं त्याची शेवटची अवस्था ‘बंद’. वीज परत आल्यावर तो इमानदारीनं बंदच राहिला. हा पर्याय फक्त वीज अचानक कापली गेली तरच मशीन परत चालू करतो. यूपीएस जितका चांगला, तितका हा पर्याय निरुपयोगी. दुसरी चूक त्याहून मोठी. समजा तो आपोआप चालू झाला असता, तरी सुरू होतानाच्या पासवर्डापाशी येऊन थांबलाच असता. जिथे रात्री आणि सुट्टीच्या दिवशी माणूसच नसतो तिथल्या सर्व्हरला हा पासवर्ड लावणं म्हणजे वीज गेली की कोणीतरी स्कूटर काढायची, हे कायमचं मान्य करणं.

ठीक आहे, बदलू, म्हणून रीस्टार्ट करून सेटअपमध्ये गेलो. सेटअपचा पासवर्ड चालला नाही.

तो मी मे महिन्यात बिलाच्या पाठीवर लिहिला होता. माझ्या अक्षरातला एक आणि सात सारखे दिसतात, शून्य आणि ओ तर विचारूच नका. पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटतात, त्यामुळे काय टाकलं तेही कळत नाही. तीनदा चुकलं की मशीन थांबतं, मग बंद करून परत अडीच मिनिटं. त्या संध्याकाळी सोळा वेगवेगळे करून पाहिले. नाही झालं.

दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, दुकान बंद. १६ ला ज्याच्याकडून मशीन घेतलं त्याला फोन केला. त्याच्या माणसानं येऊन पाच मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, “साहेब, बोर्ड ज बदलवुं पडशे.” (मदरबोर्डच बदलावा लागेल.) साडेअकरा हजार, सहा दिवस, आणि पासवर्ड विसरणं वॉरंटीत येत नाही. मी त्याला दोनदा विचारलं की बोर्डात बिघाड आहे का. तो म्हणाला, बिघाड नाही, पण पासवर्ड बोर्डात बसलेला आहे. चांगला चालणारा बोर्ड एका विसरलेल्या शब्दासाठी फेकायचा, हे मला पटत नव्हतं. ४२ हजारांच्या मशिनवर साडेअकरा हजार ही रक्कमही पटत नव्हती. आमचं फोनवर चांगलंच वाजलं. मी नाही म्हणून सांगितलं.

माझा भाचा म्हणाला, “मामा, सेल काढ, दहा मिनिटं थांब, परत लाव. पासवर्ड उडतो.” शनिवारी संध्याकाळी ऑफिस संपल्यावर तेही केलं. बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर २०३२, तीन व्होल्टचा. रात्रभर काढून ठेवला. सकाळी लावला तर घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं, आणि पासवर्ड जागच्या जागी. वर सोमवारी मुलांचे लॉगिन होईनात. डोमेनच्या, म्हणजे सर्व्हरकडून तपासल्या जाणाऱ्या, लॉगिनला पीसी आणि सर्व्हरच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. विंडोजमधून वेळ बरोबर केली तेव्हा मिटलं.

सेल काढायचा सल्ला खोटा नाही, दुसऱ्या काळातला आहे. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटीपासून सेटिंगं ६४ बाइटच्या एका सीमॉस चिपमध्ये बॅटरीवर जिवंत राहत, त्यामुळे पुढे पासवर्डही तिथेच गेला. बॅटरी काढली की सगळं पुसलं जाई. सर्व्हरच्या बोर्डावर पासवर्ड अशा मेमरीत ठेवतात जिला बॅटरी लागतच नाही. दुकानाचा माणूस म्हणाला ते अर्धं खरं होतं, पासवर्ड खरोखर बोर्डातच होता.

उरलेलं अर्धं मला सेल लावताना दिसलं. झाकणाच्या आतल्या बाजूला बोर्डाचा नकाशा चिकटवलेला असतो, मी दहा वेळा झाकण काढूनही तो वाचला नव्हता. त्यात सेलपासून थोड्या अंतरावर दोन जंपर दाखवले होते, पिनांवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या त्या छोट्या टोप्या. एक फक्त पासवर्डसाठी, दुसरा सगळी सेटिंगं पुसण्यासाठी.

तरीही लगेच हात लावला नाही. २० तारखेचं रिटर्न जाईपर्यंत मशीन उघडायचं नाही असं साहेबांनी सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. २५ ला रविवारी केलं. मशीन बंद, वायर काढली, बटण दाबून धरून उरलेली वीज घालवली. पासवर्डची टोपी एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर सरकवली, मशीन एकदा पूर्ण चालू होऊ दिलं, परत बंद केलं, टोपी मूळ जागी आणली. हा शेवटचा भाग विसरू नका: टोपी तिकडेच ठेवून नवा पासवर्ड लावलात तर पुढच्या वेळी चालू होताना मशीन तोही काढून टाकतं. दुसऱ्या जंपरला शिवलो नाही. त्यानं डिस्कचा मोडही मूळ पदावर गेला असता आणि विंडोज उठलं नसतं. वीस मिनिटांचं काम. खर्च शून्य, सेल नवा टाकला त्याचे चाळीस रुपये.

साडेअकरा हजार आणि चाळीस रुपये. विकणाऱ्याला हा जंपर माहीत नव्हता यावर मी विश्वास ठेवायला तयार नाही. जुने सर्व्हर विकणं हाच त्यांचा धंदा आहे, आणि प्रत्येक मशिनमध्ये आधीच्या कंपनीचे पासवर्ड असणारच. वॉरंटीच्या नावावर तारे द्यायचे झाले तर मी एकही देणार नाही.

आताची मांडणी सांगतो, कारण मला वाटतं लहान ऑफिसाला हीच लागते. सेटअपचा पासवर्ड ठेवलाय, मोठ्या अक्षरांत, शून्याला तिरकी रेघ मारून, दोन कागदांवर; एक साहेबांच्या कपाटात, एक माझ्या घरी. सुरू होतानाचा पासवर्ड काढून टाकला. वीज परत आल्यावर ‘चालू हो’, पण १२० सेकंद थांबून, म्हणजे राउटर आणि स्विच आधी जागे होतात. त्यातही एक मेख आहे. सर्व्हर शटडाउन झाल्यावर यूपीएसची बॅटरी थोडी उरली असेल आणि तेवढ्यात वीज आली, तर सर्व्हरला वीज गेल्याचं कळतच नाही आणि तो बंदच राहतो. यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये शटडाउननंतर आउटपुटही कापायचा, अशी खूण असते. ती करा.

मग चोरीचं काय, हे साहेबांनी लगेच विचारलं. माझंही मत इथेच बदललं. सुरू होतानाचा पासवर्ड डिस्कचं रक्षण करतच नाही. डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावली की सगळं उघडं. आठ महिने आम्ही सुरक्षित आहोत असं समजत होतो आणि नव्हतो. आता बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) लावलंय, बोर्डावर टीपीएमची (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी) चिप होती ती सेटअपमधून चालू करून. डिस्क काढून नेली तर वाचता येत नाही, आणि वीज आली की सर्व्हर कोणाला न विचारता उठतो. त्याची ४८ अंकांची रिकव्हरी की छापून बँकेच्या लॉकरमध्ये आहे. सेटअपमध्ये काही बदलायच्या आधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. फेब्रुवारीत मी बूटचा क्रम बदलला आणि निळ्या पडद्यावर ते ४८ अंक मागितले गेले. लॉकरपर्यंत जावं लागलं.

मशिनच्या मागच्या रिमोट मॅनेजमेंटच्या (दुरून मशीन सांभाळायच्या) पोर्टबद्दल थोडक्यात. मशीन जुनं असेल तर त्याचा मूळ पासवर्ड बहुधा सगळ्या जगाला माहीत असतो. अशा मूळ पासवर्डांविरुद्धचा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि आता बहुतेक नव्या मशिनवर प्रत्येकाचा वेगळा छापलेला येतो. पासवर्ड बदला, लांबलचक ठेवा, आणि तो पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नका, कारण आयपीएमआय २.० मध्ये (हा पोर्ट ज्या पद्धतीनं बोलतो ती) नुसतं विचारणाऱ्यालाही पासवर्डाचा हॅश मिळतो, म्हणजे ज्यावरून पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करता येतो असा ठसा. घरून पडदा बघायची सोय यात आहे, पण तिचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं. मी घेतलेलं नाही. आता गरजही पडत नाही.

धुळवडीच्या सुट्टीत ऑफिस रिकामं असताना मेन स्विच पाडून तपासून पाहिलं. यूपीएस संपेपर्यंत थांबलो, मग स्विच वर केला आणि खुर्चीत बसून राहिलो. १२० सेकंद काहीच नाही, मग पंखे फिरले, आणि साधारण सात मिनिटांनी माझ्या फोनवर लॉगिन झालं. सेलचं पाकीट दोनाचं होतं. उरलेला झाकणाच्या आत, नकाशाशेजारी चिकटवून ठेवलाय.