मैदान सरकारी, पण वही कोणाच्या कपाटात?

जत्रेचं मैदान सार्वजनिक मालकीचं आहे. ते सरकारी खात्याने स्वतः चालवायचं, त्यासाठी स्वायत्त मंडळ नेमायचं, की बाहेरच्या संस्थेला कराराने द्यायचं, हा ठराव तुमच्यासमोर मतदानाला आला आहे असं धरू. अशा वेळी सभेत ‘सरकारी म्हणजे ढिसाळ’ आणि ‘खासगी म्हणजे लूट’ या दोन ठेवणीतल्या वाक्यांवर तासभर जातो आणि हाती काही लागत नाही. माझ्या मते तिन्ही पर्यायांना एकच प्रश्न विचारावा: रोजचा गल्ला कोणाच्या वहीत चढतो, आणि ती वही उघडून बघण्याचा हक्क कोणाला आहे?

खातंच चालवतं तेव्हा

हक्काच्या बाबतीत हा पर्याय भक्कम. खर्च अर्थसंकल्पातून मंजूर होतो, खरेदीला निविदेचे नियम लागतात, सरकारी लेखापरीक्षक ठरल्याप्रमाणे येतो, नागरिकाला कागद मागता येतात. घोडं अडतं ते वहीपाशी. गेटवरचं उत्पन्न तिजोरीत सर्वसाधारण जमेला जातं आणि खर्च दहा ठिकाणी विखुरतो: वीज बांधकाम विभागाच्या नावे, सफाई आरोग्य विभागाच्या, बंदोबस्ताचा ओव्हरटाइम पोलिसांच्या. जत्रा नफ्यात गेली की तोट्यात, हे प्रामाणिक अधिकाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. मग जो तो सोयीचा आकडा काढतो. ऑडिटचा आक्षेप येतो तो बऱ्याच उशिरा. तोवर सह्या करणाऱ्यांच्या बदल्या झालेल्या असतात आणि अनुपालनाचं उत्तर कोणी तरी नवा माणूस जुन्या फायलीवरून लिहून देतो.

शिवाय सरकार अडचणीत आलं की जत्रेवर कात्री चालवणं सोपं असतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याची जत्रा १८४९ पासूनची. राज्याने पैसा थांबवला आणि २००९ ची जत्रा ही राज्याने भरवलेली शेवटची जत्रा ठरली. पुढे २०१२ पासून ती पुन्हा भरू लागली, पण खासगी आयोजकांकडून आणि डेट्रॉइटचं जुनं मैदान सोडून.

मंडळ: वही स्वतंत्र, माणसं कोणाची?

याच्या दुसऱ्या टोकाला मिनेसोटा. तिथली राज्य जत्रा राज्याची कृषी संस्था चालवते आणि १९४९ पासून तिने सरकारी अनुदान घेतलेलं नाही. तिकिटं, स्टॉलची भाडी, पार्किंग यांतून जे येईल त्यातूनच इमारतींची डागडुजी. २०१९ मध्ये बारा दिवसांत २१,२६,५५१ माणसं आली आणि पुढच्याच वर्षी कोविडमुळे जत्रा रद्द झाली. अशा वर्षी तोटा दुसऱ्या कोणाच्या खात्यात ढकलता येत नाही, तो त्याच वहीत लाल शाईने दिसतो. मला या रचनेचं आकर्षण आहे ते यासाठी. कार्यक्षमता वगैरे नंतर.

पण स्वतंत्र वही म्हणजे स्वच्छ वही असं समजू नका. कॅलिफोर्नियात जिल्हा जत्रांची मंडळं राज्याच्याच संस्था आहेत आणि त्यांचे संचालक गव्हर्नर नेमतात. २००९ मध्ये राज्याने ऑरेंज काउंटीचं सुमारे दीडशे एकरांचं मैदान विकायला काढलं, तेव्हा मंडळावरच्याच काही संचालकांनी ते विकत घेण्यासाठी वेगळी संस्था उभी केली. ज्यांनी जमीन राखायची तेच गिऱ्हाईक! यावर बराच गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये विक्री बारगळली. त्याच राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये एका जिल्हा जत्रेच्या कारभारावर अहवाल दिला. त्यातले आक्षेप वाचताना हसावं की रडावं कळत नाही, कारण त्यात एकच असा मोठा घोटाळा नाही. कार्यालयाच्या कार्डावरची खरेदी, प्रवासखर्च असल्याच बाबी. पाणी मुरतं ते अशा बारीक फटींतून, आणि त्या फटी मंडळाच्या मासिक बैठकीत कोणी विचारत नाही, कारण बैठकीत सगळे एकमेकांचे स्नेही असतात.

म्हणून मंडळाच्या पर्यायात ऑडिटर कोण नेमतो हे आधी बघा. दिल्लीचं प्रगती मैदान ज्या आयटीपीओकडे (इंडिया ट्रेड प्रमोशन ऑर्गनायझेशन) आहे ती सरकारी कंपनी आहे, त्यामुळे तिचा लेखापरीक्षक कंपनी कायद्याप्रमाणे कॅग, म्हणजे देशाचा महालेखापरीक्षक, नेमतो आणि हवं तर वर पूरक तपासणीही करू शकतो. मंडळाने स्वतःचा ऑडिटर स्वतः निवडायचा, त्याची फी स्वतः ठरवायची आणि वर्षानुवर्षं तोच ठेवायचा, ही पद्धत असेल तर ताळेबंद कितीही गुळगुळीत कागदावर छापलेला असो, मी त्याच्यावर फार विसंबणार नाही.

गल्ला मोजताना

चालवणारा कोणीही असो, जत्रेचा धंदा रोखीचा आणि थोड्या दिवसांचा. त्यामुळे खरी तपासणी रात्री अकराला, तिकीट खिडकीच्या मागे होते. खिडकीवर सकाळी दिलेल्या रोलचा पहिला क्रमांक ४०,००१ होता. रात्री न विकलेलं पहिलं तिकीट ४३,८५०. म्हणजे ३,८४९ तिकिटं गेली. फाटलेली, चुकून छापलेली २७ तिकिटं टाचणीला लावलेली आहेत, ती वजा करून राहिली ३,८२२. याला दराने गुणा, सकाळी सुट्ट्यासाठी दिलेली रक्कम मिळवा आणि पेटी मोजा. मेळ बसला नाही तर फरक त्याच रात्री, दोन सह्यांनिशी लिहायचा. मोजणारा आणि विकणारा एकच असेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ. तिकीट मोबाइलवर आलं म्हणून प्रश्न संपत नाही, फक्त रोलच्या जागी सर्व्हरची नोंद येते आणि त्या सर्व्हरचा पासवर्ड कोणाकडे आहे हे विचारावं लागतं.

गेटच्या फिरत्या दांडीचा आकडा आणि विकलेली तिकिटं यांत जो फरक उरतो तो बहुतेक फुकट पासांचा असतो. पास देणं गुन्हा नाही. पाळणेवाले, विक्रेते, कामगार यांना ते लागतातच. पण पासांची नोंदवही ठेवली नाही की प्रत्येक पास छापील नोट होतो. किती छापले, कोणाला दिले, किती वापरले गेले, या तीन रकान्यांखेरीज चौथ्याची गरज नाही. खात्याच्या कारभारात पास वरून मागितले जातात, मंडळात संचालकांना कोटा असतो, ठेक्यात प्रायोजकांना. त्यामुळे या एका बाबतीत तिघांनाही सारखेच गुण.

कराराने दिलं तर

या पर्यायात सगळ्यांत आकर्षक कागद समोर येतो: पहिल्या दिवशी ठरावीक रक्कम, देखभालीची जबाबदारी त्यांची, तोटा त्यांचा. करार मात्र सावकाश वाचा. जमीनमालकाचा वाटा ‘एकूण उत्पन्नावर’ आहे की ‘निव्वळ उत्पन्नावर’? निव्वळ म्हटलं की खर्च कोणता धरायचा हे चालवणाराच ठरवतो. सुरक्षारक्षक त्याच्या भगिनी कंपनीचे, तंबू त्याच्या मेहुण्याचे, व्यवस्थापन शुल्क मुख्यालयाचं, आणि शेवटी वाटण्यासारखं काही उरत नाही. पाळणेवाल्यांकडून येणाऱ्या हिश्श्यालाही हेच लागू.

डॅलसचं फेअर पार्क हे २७७ एकरांचं मैदान शहराच्या मालकीचं. तिथली मोठी वार्षिक जत्रा एक ना-नफा संस्था भरवते. मैदानाचं वर्षभराचं व्यवस्थापन २०१९ पासून दुसऱ्या ना-नफा संस्थेकडे गेलं आणि तिने प्रत्यक्ष काम एका खासगी कंपनीला दिलं. म्हणजे मालक आणि गल्ला यांच्यामध्ये दोन भिंती. २०२४ च्या लेखापरीक्षणात दिसलं की देणगीदारांनी विशिष्ट कामासाठी दिलेल्या पैशांपैकी सुमारे ५७ लाख डॉलर भलतीकडे वळले होते. दोष कोणाचा यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगळं, आणि माझ्या मते मुद्दा तोच आहे: दोन भिंतींपलीकडे बसलेल्या मालकाला ते आधी दिसायला हवं होतं. राखीव देणगीसाठी वेगळं बँक खातं आणि शहराला त्याचा उतारा थेट बँकेकडून, एवढ्या अटीने बरंच टळलं असतं.

टोरांटोची वाट मला जास्त सुटसुटीत वाटते. तिथे २०१३ पासून जत्रा भरवणारी संस्था शहरापासून वेगळी झाली आणि मैदान शहराकडेच राहिलं. जत्रा भाडेकरू, शहर घरमालक. भाडं आलं की नाही, एवढं तपासायला मोठा ऑडिटर लागत नाही.

तुमच्या मैदानाला काय?

मैदान वर्षातले दहा-पंधरा दिवसच वापरात असेल तर मंडळाचा पसारा परवडत नाही. खात्याकडेच राहू द्या, पण जत्रेसाठी वेगळा निधी आणि वेगळं खातं उघडण्याची अट ठरावात घाला, बंदोबस्त आणि विजेचा खर्चही त्याच खात्यात दाखवायला लावा. पहिल्या वर्षी आकडा भयंकर दिसेल. दिसू द्या.

वर्षभर लग्नं, प्रदर्शनं, वाहनतळ असं काहीबाही चालत असेल तर मी मंडळाच्या बाजूने मत देईन. मात्र लेखापरीक्षक बाहेरून नेमलेला, संचालकांच्या हितसंबंधांची नोंद दरवर्षी, आणि शिल्लक मैदानातच राहणार हे लिहून. ठेका मी शेवटी ठेवतो. तो द्यायचाच असेल तर वाटा एकूण उत्पन्नावर, उपठेक्याला मालकाची लेखी परवानगी, आणि उपठेकेदाराच्याही वह्या तपासण्याचा हक्क, यातलं एकही कलम गळलं तर ठरावाच्या बाजूने हात वर करू नका.

आणि मतदानापूर्वी एक कागद मागून घ्या. जत्रेचे दिवस सोडून मागच्या वर्षी मैदान कोणत्या तारखांना कोणाला दिलं, त्याची यादी. तिच्याशेजारी त्याच तारखांच्या भाड्याच्या पावत्या ठेवा. जत्रेच्या दिवसांवर शंभर डोळे असतात. एरवीच्या एखाद्या मंगळवारी मंडप कोणाचा होता आणि पावती का फाटली नाही, हे तिथेच कळतं.